मागच्या सीटवरून कोयना

नवी गाडी घ्यायचं ठरलं आणि आमच्या घरात माहितीपत्रकांचा ढीग झाला. हे सकाळचा पेपर बाजूला ठेवून ती वाचायला लागले. इंजिन किती सीसीचं, ताकद किती, टाकीत पेट्रोल किती मावतं, सीटची जमिनीपासून उंची किती, सगळं मिलिमीटरच्या हिशेबात छापलेलं. मिटिऑर ३५०ची सीट ७६५ मिलिमीटरवर, व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५वर, हिमालयन ४५०ची ८२५ ते ८४५ अशी वर-खाली करता येणारी. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, ही तुमची सीट झाली. माझी किती?" मागच्या सीटची उंची त्या ढिगात कुठेच नव्हती. तिची रुंदी नव्हती, सीटपासून फूटरेस्टपर्यंतचं अंतर नव्हतं, सीट सपाट आहे की पुढे उतरती तेही नव्हतं.

मी सांगलीत शिवणक्लास चालवते. समोरच्या बाईचं माप न घेता ब्लाउज बेतायला बसलेल्या मुलीला मी कात्री खाली ठेवायला लावते. इथे तर दोन माणसांची म्हणून विकायची वस्तू एकाच माणसाच्या मापावर बेतलेली होती.

शोरूममध्येही तेच. टेस्ट राइड म्हणून ह्यांनी चौकाला एक वळसा घातला, तोवर मला काचेच्या टेबलाशी बसवून थंड दिलं. मी मागे बसून बघते म्हटल्यावर तो मुलगा हसला आणि म्हणाला, "मॅडम, मागची सीट सगळ्या गाड्यांची सारखीच असते." पोरगा चांगला होता, पण मागे कधी बसला नसावा. निदान सांगलीच्या पुढे तरी नाही.

म्हणून ही कोयनेची सहल निघाली. पुतण्याची एक उंच निळी गाडी, दिरांची बसकी काळी, ह्यांच्या मित्राची लाल, जरा पुढे वाकून चालवायची. गाड्यांची नावं लिहीत नाही. उसन्या होत्या आणि मालकांशी संबंध टिकवायचे आहेत. शिवाय सवाल कंपनीचा नव्हताच, ठेवणीचा होता. ठरलं असं की रस्ताभर गाड्या बदलायच्या, चालवणार हे आणि डबलसीट मी. बाकीच्यांनी उरलेल्या गाड्यांवर यायचं. कोयनानगरच निवडलं, कारण त्या एका रस्त्यात सगळं येतं. चौपदरी हायवे, उसाचे ट्रॅक्टर, गावागणिक स्पीडब्रेकर, आणि शेवटी कुंभार्ली घाट. शिवणाची टेप मी पर्समध्ये टाकली.

लाल गाडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सांगलीहून आष्टा आलं तेव्हा माझे गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि आता ज्याचं ईश्वरपूर झालं त्या इस्लामपुरात मी ह्यांच्या पाठीवर तीनदा हेल्मेट आपटलं. मागची सीट चालकाच्या सीटपेक्षा वीतभर वर, हाताच्या पंजाएवढी रुंद आणि पुढे घसरणारी. पेठ नाक्याला उतरून टेप लावली. सीटपासून फूटरेस्ट जेमतेम चौदा इंच. एवढ्या अंतरात पाय दुमडला की गुडघा काटकोनाच्याही आत मिटतो, आणि शरीराचा भार पायांवर न येता सगळा बैठकीवर येतो. विशीतल्या पोरीला अर्धा तास चालेल. मित्र ओशाळून म्हणाले, "वहिनी, ही गाडी मी एकट्यासाठीच घेतली होती." खरं बोलले.

पेठ नाक्यापासून काळी. हिच्यावर बसणं म्हणजे सोप्यात बसण्यासारखं सोपं, पाय टाकला की झालं. पाठीला टेकायला मागे छोटी गादी. हायवेला वारा अंगावर येत नव्हता, कारण ह्यांची पाठ माझ्यापुढे भिंतीसारखी उभी. त्याचाच दुसरा अर्थ असा की कासेगाव ते मलकापूर मी ह्यांच्या हेल्मेटवरचं स्टिकर वाचत आले. ऐंशीच्या पुढे गेलं की फूटरेस्टमधून एक बारीक मुंग्या आणणारी थरथर पोटऱ्यांत चढायची, पंचाहत्तरवर आलं की जायची. एकाच सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाला असा एखादा पट्टा असतोच, आणि तो कुठे आहे हे पुढच्याला हँडलवर कळतं त्याआधी मागच्याला पायात कळतं. मी खांद्यावर दोन टिचक्या मारायची, की हे वेग उतरवायचे. ही खूण आमची जुनीच आहे. एक टिचकी म्हणजे थांबा, दोन म्हणजे हळू. खांदा दाबला म्हणजे मागून ट्रक येतोय.

कराडला प्रीतिसंगमावर थांबलो. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी शाळेची सहल आली होती, घाटावर मुलांचा गलका. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या, आणि इथे समोरासमोर येऊन भेटतात. त्यातली कोयना निघाल्यावर साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला वाहते आणि हेळवाकपाशी एकदम पूर्वेला काटकोनात वळते. आमचा पुढचा रस्ता म्हणजे त्या वळणापर्यंत नदीच्या उलट दिशेने जाणं. ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे चढ आहे." चालवणाऱ्याचा भूगोल तेवढाच असतो.

नोव्हेंबर सरत आलेला, गाळप हंगाम सुरू. कराडच्या पुढे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रांगेने येत होते, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, रस्त्यावर उसाची पाचटं. अशा रस्त्यावर गाडी सारखी थांबते आणि निघते. डबलसीटची परीक्षा वेगात होत नाही, इथे होते. पुढच्याने ब्रेक दाबला की मागचं माणूस पुढे येतं. सीट उतरती असेल तर परत मागे सरकायला फूटरेस्टवर उभं राहावं लागतं, आणि दर ब्रेकला हे करून मांड्या भरून येतात. काळीची सीट या बाबतीत शहाणी होती, मधे खोलगट, जिथे बसवाल तिथे राहायची. मल्हारपेठ सोडल्यावर उजवीकडच्या डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या दिसू लागल्या, मान वाकडी करून बघितल्या.

पाटण तालुक्यातल्या गावांनी स्पीडब्रेकर मनापासून घातले आहेत. तिथे काळीचं पितळ उघडं पडलं. बसक्या गाडीचे मागचे शॉकअप आखूड, त्यांना खालीवर व्हायला जागा थोडी. दोघांचं वजन आणि दोन पिशव्या पडल्यावर ते आधीच अर्धे दबलेले असतात. मग स्पीडब्रेकरला उरलेली जागा संपते आणि धक्का थेट माकडहाडात. त्यात बसक्या गाडीवर पाय जरा पुढे असल्याने भार तोलायला पायांचा उपयोग होत नाही. घोड्यावर रिकिबीत उभं राहतात तसं इथे उठता येत नाही, नुसतं बसून सोसायचं. एका गावात तर गाडीचं पोटच खरवडलं.

पाटणला चहाला थांबलो तेव्हा शेजारच्या गॅरेजवाल्याने आम्हाला न विचारताच दोष सांगितला. गाडीभोवती एक चक्कर मारून तो दिरांना म्हणाला, "साहेब, शॉकअप पयल्या खाचेवर हाय. ही एकट्या मान्साची खाच हाय." सीटखालच्या टूलकिटमधून त्याने एक वाकडा पाना काढला. तो पाना दिरांनी गाडी घेतल्यापासून पाहिलाही नव्हता. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगखालचं कडं त्याने दोन-दोन खाचा फिरवलं. त्याने स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, म्हणजे वजन पडल्यावर गाडी कमी बसते आणि खड्ड्यासाठी जागा शिल्लक राहते. दोन्ही बाजूंना खाच सारखीच हवी, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. मग मागच्या टायरची हवा पाहिली. डबलसीटला मागे किती हवा हवी हे साखळीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत वेगळं लिहिलेलं असतं, एकट्यापेक्षा जास्त. ती कमी होती. एवढ्या कामाचे त्याने वीस रुपये घेतले.

नंतर काळी जरा माणसात आली. पण जरा. खाचेने गाडीची उंची सावरते, शॉकअपची लांबी वाढत नाही.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिलं, कारण निम्म्या जोडप्यांच्या पाठी या न फिरवलेल्या खाचेने दुखत असतील, आणि त्यावर उपाय म्हणून ती माणसं नवी गाडी बघायला जात असतील.

पाटणपासून निळी घेतली. हिच्यावर चढणं हे वेगळंच प्रकरण. उंच गाडी, मागे पिशव्या बांधलेल्या, पाय मागून फिरवून नेणं पंचावन्नाव्या वर्षी जमत नाही. पुतण्याने शिकवलं. आधी काकांनी दोन्ही पाय जमिनीवर रोवायचे, पुढचा ब्रेक धरायचा आणि "बस" म्हणायचं. मग मी डाव्या फूटरेस्टवर पाय ठेवून, त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन उभं राहायचं आणि दुसरा पाय पलीकडे टाकायचा. "बस" म्हणायच्या आधी चढलं तर गाडी, काका आणि काकी तिघंही डावीकडे. ह्यांची उंची बेताची. निळीवर ह्यांचे चवडेच टेकायचे. मी बसल्यावर गाडी थोडी दबायची आणि टाचा जमिनीच्या जवळ यायच्या. माझ्या वजनाचा एवढा उघड फायदा ह्यांना पहिल्यांदाच झाला असेल.

बसल्यावर मात्र सगळं बदललं. टेप म्हणाली सीटपासून फूटरेस्ट एकोणीस इंच. पाय जवळजवळ खुर्चीवर बसल्यासारखे. सीट रुंद, सपाट, दाबून पाहिली तर टणक. शोरूममध्ये अंगठ्याने दाबल्यावर जी सीट मऊ लागते ती तासाभरात बसून जाते आणि खालचं प्लॅस्टिक टोचायला लागतं. गादीचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. टणक फोम सुरुवातीला रागावल्यासारखा वाटतो, पण संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. खड्डा आला की हे "खड्डा" म्हणायचे, मी फूटरेस्टवर किंचित उठायची, गाडी खालून निघून जायची.

आणि मला पुढचं दिसायला लागलं. मागची सीट चढी असल्याने ह्यांच्या हेल्मेटवरून रस्ता, नदी, दोन्ही बाजूंनी जवळ येत चाललेले डोंगर सगळं मोकळं. पाटणच्या पुढे खोरं अरुंद होत जातं, उसाची जागा भाताची खाचरं घेतात, त्यांत कापणी झालेली. उडव्या रचलेल्या, वरच्या अंगाला नाचणी. येराडला यात्रा भरते त्या येडोबाच्या देवळाकडे मी चालत्या गाडीवरून हात जोडले. ह्यांनी विचारलं, "काय झालं, हात का सोडले?" वारा तोंडावर येत होता हे खरं. उंच सीटला ती किंमत आहे. पुढच्या काचेवरून उसळलेला वारा चालकाच्या डोक्यावरून जातो आणि मागच्याच्या कपाळावर येतो. पन्नास-साठच्या वेगात तो सुखाचा वाटतो, नव्वदला मान दुखवेल. पण नव्वदने जायचं कुणाला आहे?

प्रवास करतं ते मागचं माणूस, हे मला त्या वीसेक किलोमीटरमध्ये पटलं. पुढचा माणूस डांबर बघतो. त्याला खड्डा, म्हैस, समोरून येणारी एसटी एवढंच दिसायला हवं, नाहीतर दोघंही जायचे. डोंगर, नदी, देऊळ बघण्याचं काम मागच्या सीटवर आहे. मग पैसे दोघांच्या खात्यातून जाणाऱ्या गाडीची सीट निवडताना कोण बसून बघायला हवं?

कोयनानगरला पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. धरण एका नजरेत मावत नाही. उंची १०३ मीटर, लांबी आठशे मीटरच्या वर, मागे शिवसागर, १०५ टीएमसी पाण्याचा. त्या वेळी तो बहुतेक भरलेला होता, कडेच्या झाडांपर्यंत पाणी. पावसाळ्यात आमच्या भागातल्या प्रत्येक घरात पेपर उघडला की आधी कोयना, नवजा, महाबळेश्वर या तीन ठिकाणचा पाऊस वाचतात, मग बाकीचं जग. कोयनेतून किती क्युसेक सोडलं यावर सांगलीत आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी ठरते आणि त्यावर आमच्या गल्लीतलं सामान वर हलवायचं की नाही ते. त्यामुळे या धरणाच्या सहा दरवाजांकडे मी पर्यटक म्हणून बघू शकत नाही. हिशेबनीस म्हणून बघते.

दिरांनी भूकंपाचा विषय काढला. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार-सव्वाचारचा सुमार. कोयनानगरची वसाहत झोपेत असताना कोसळली, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, धरणाला भेगा पडल्या आणि ते नंतर मजबूत केलं गेलं. आई सांगायची, सांगलीतसुद्धा फळीवरची भांडी खाली आली होती. धरणाच्या पाण्याने भूकंप होतो का, हा प्रश्न तेव्हापासून जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांना इथे घेऊन येतो. इथले धक्के थांबलेले नाहीत. ते समजून घ्यायला कराडजवळ हजारमाचीला खास प्रयोगशाळा आहे आणि कोयनेच्या जंगलात गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल भोक पाडलेलं आहे. धरणासाठी उठलेल्या गावांतल्या लोकांचे पुनर्वसनाचे अर्ज मात्र तिसऱ्या पिढीपर्यंत चालू आहेत, हे चहा देणाऱ्या बाईंनी सांगितलं. त्यांचं माहेर पाण्याखाली.

रात्री भाकरी, पिठलं, ठेचा. कोयनेची थंडी कोरडी नसते, ओलसर असते, गोधडीत शिरते.

सकाळी धुकं उठायची वाट पाहून कुंभार्लीकडे निघालो. गुहागर-विजापूर रस्त्यावरचा हा घाट म्हणजे कराड-पाटणचा कोकणात उतरायचा दरवाजा. चिपळूणच्या बंदराकडची वाहतूक पूर्वीपासून याच अंगाने चढते-उतरते. घाटमाथ्यावर वडापाव आणि चहाच्या टपऱ्या, माकडं, आणि खाली एकदम कोकण. आमचा बेत घाट उतरून पोफळीपर्यंत जायचा आणि त्याच गाडीवर परत चढायचा, आधी काळीवर आणि मग निळीवर. पुतण्या म्हणाला, "काकी, एकदा उतरलं की कळलं की." कळत नाही. उतरताना आणि चढताना मागच्या माणसाचे हाल वेगवेगळे असतात.

काळीवर उतरताना मजेत होते. खोलगट सीटने मला धरून ठेवलं, पाय पुढे असल्याने रेटाही देता येत होता. ह्यांचे दोन्ही ब्रेक नीट चालले, मधे मधे इंजिनाच्या रोधावर, गिअर खाली ठेवून. पण वळणांवर गाडी नाखूश. ट्रक आतून येतो, आपण डावीकडे कडेला जायचं, तिथे डांबराची कड तुटलेली, त्या कडेवरून खाली-वर होताना पुन्हा ते माकडहाड. चढताना पाठीच्या गादीने जीव वाचवला. चढणीवर गाडीने झेप घेतली की मागचं माणूस मागे जातं. टेकायला काही नसेल तर ते पुढच्याच्या कमरेला धरतं आणि मग पुढचा हँडलला धरतो, म्हणजे शेवटी दोघांचं वजन हँडलवर. टेकण असेल तर हात मोकळे राहतात.

निळीवर उलटं झालं. वळणं ती खुशीत घेत होती, तुटकी कड तिला लागलीच नाही. मला फक्त एकच करायचं होतं, ह्यांच्या उजव्या किंवा डाव्या खांद्यावरून, जिकडे वळतोय तिकडे बघायचं. तेवढं केलं की अंग आपोआप गाडीबरोबर झुकतं. भीतीने उलट्या बाजूला ताठ बसलं की चालवणाऱ्याला गाडी ढकलून वळवावी लागते. उतारावर सपाट सीटवरून मी थोडी पुढे आले, पण मागच्या कॅरियरचं हँडल धरून सावरता आलं. चढताना मात्र मागे टेकायला काही नव्हतं. दर वळणानंतर ह्यांनी गिअर बदलला की मी मागे, पोटाचे स्नायू ताणून पुढे, पुन्हा मागे. पुढचं चाकही हलकं झाल्यासारखं वाटतं असं हे म्हणाले, आणि ते बरोबर आहे. चढ, मागे मी आणि मागेच पिशव्या, म्हणजे सगळा भार मागच्या चाकावर.

पोफळीला पाण्याचा विचार करत बसले. शिवसागराचं पाणी पूर्वेला कराडकडे जायच्या ऐवजी बोगद्यांतून पश्चिमेला येतं, पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली पडतं आणि इथे डोंगराच्या पोटातल्या वीजगृहात टर्बाइन फिरवतं. सगळा प्रकल्प धरून क्षमता १९६० मेगावॉट. नंतर ते वाशिष्ठीतून समुद्राला. असं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायची कृष्णा लवादाची परवानगी आहे. १९९९ मध्ये चौथ्या टप्प्यासाठी तळ्याला पाण्याखालून भोक पाडलं तेव्हा टीव्हीवर बातमी पाहिल्याचं आठवतं. ज्या उंचीवरून पाणी वीज करत सरळ खाली येतं, तीच उंची आम्ही वळणं घेत, गिअर बदलत उतरलो आणि चढलो. ह्यांना पाण्याचा हेवा वाटला.

वर घाटमाथ्यावर चहा घेताना माझं लक्ष निळीच्या मागच्या चाकाकडे गेलं. साडीगार्ड गायब. पुतण्याने "लुक जातो" म्हणून काढून माळ्यावर टाकलेलं. काकीने तिथे, सगळ्यांसमोर, कायदा सांगितला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे. मागे बसणाऱ्यासाठी पकडायला पक्कं हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण हवं, म्हणजे कपडे चाकात जात नाहीत. अख्ख्या माहितीपत्रकात मागच्या माणसाचा विचार कुणी केलेला नसला तरी कायद्याने केला आहे, आणि आपली पोरं तो पान्याने काढून टाकतात. माझी ओढणी त्या दिवशी कमरेला गाठ मारून कुर्त्याच्या आत होती म्हणून ठीक. ओढणी किंवा पदर चाकात गेल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

सासूबाई आमच्या चेतकवर नऊवारीत एका बाजूला बसून नरसोबाच्या वाडीला जायच्या, एक हात स्टेपनीवर, दुसऱ्या हातात नारळाची पिशवी. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला आता वाटतं. एका बाजूला बसलं की कंबर पिळवटलेली राहते, वजन एका अंगाला जातं, आणि ब्रेक लागला की धरायला फक्त नशीब असतं. लांबच्या प्रवासाला दोन्हीकडे पाय आणि दोन्ही डोक्यांवर हेल्मेट, यात घासाघीस नाही.

मित्रांनी मोबाइलवर होंडाची गोल्ड विंग दाखवली. १९७५ मध्ये ती पहिल्यांदा आली, आता तिच्या मोठ्या प्रकारात मागे आरामखुर्ची आहे, पाठ आहे, गरम होणारी सीट आहे. म्हणजे मागच्या माणसासाठी गाडी बनवणं कंपन्यांना येतं! वजन मात्र साडेतीनशे किलोंच्या वर, किंमत चाळीस लाखांच्या आसपास. कुंभार्लीच्या वळणात समोरून कंटेनर आला तर ती सावरणार कोण? हे मोबाइलकडे बराच वेळ बघत राहिले, तेव्हा मी तो मित्रांना परत दिला.

परतीच्या वाटेवर पाटणपर्यंत निर्णय झाला होता, कराडपर्यंत तो ह्यांना मान्य झाला. ह्यांचा जीव काळीवर, कारण पाय भुईला पूर्ण टेकतात आणि चौकात उभी केली की लोक बघतात. पहिलं कारण मी मानते. डबलसीट गाडी थांबताना, वळवताना, उताराच्या पार्किंगमध्ये पडते, आणि पाय न टेकणाऱ्या माणसाच्या मागे बसणं हा धोका आहे. म्हणून निळीच्या जातीची, पण पुढची सीट खालच्या खाचेवर बसवता येणारी घ्यायची. मागची सीट आहे तशी उंच राहू दे, मला दिसायला हवं. पैसे देण्याआधी जी गाडी घरी येणार तिच्यावर मी टेप लावणार, सतरा इंचांखाली अंतर असेल तर विषय बंद. टेस्ट राइडला दोघं बसणार आणि शोरूमवाल्याला चौकापुरती द्यायची असेल तर त्याने ती स्वतःकडे ठेवावी. दोघांचं वजन, पिशव्या आणि पुस्तिकेत लिहिलेली वजनाची मर्यादा यांची बेरीज मी करणार. ह्यांचं वजन मोठ्याने, माझं मनात.

राहिला प्रश्न चढणीवर टेकायचा. त्यावर पुतण्याचा तोडगा, मागे कॅरियरवर टॉप बॉक्स बसवायचा आणि त्याच्या पुढच्या बाजूला गादी लावायची. त्यात जड काही भरायचं नाही, रेनकोट आणि स्वेटर फक्त, कारण चाकाच्याही मागे लटकलेलं वजन पुढचं चाक आणखी हलकं करतं. गादी मी शिवणार, फोम टणक, वरचं कापड घाम शोषणारं, शिवण कडेला, मधोमध नाही.

ह्यांना तो डबा पसंत नाही. गाडीची शान जाते, दूधवाल्यासारखं दिसतं, असं म्हणणं आहे. बुकिंग झालं, डबा अजून अडला आहे. काल रात्री पुन्हा तोच विषय निघाला. "मागून किती वाईट दिसेल ते बघ," असं म्हणत मोबाइलवरचे फोटो माझ्यापुढे धरले.

"अहो, मागून बघणार कोण? तुम्ही तर पुढे बसणार."

हे गप्प बसलेत. डब्याची किंमत तेवढी विचारून ठेवली आहे, असं पुतण्याकडून कळलं.